हनुवटीवरचा तीळ

मुलाकडचे लोक खानदानी, भिंतभर पूर्वज लावणारे. चष्मेवाल्यांच्या घरात भिंतीवर होता तो डोळे तपासायचा जुना तक्ता. पण एवढ्यावरून लेकीचं लग्न फिसकटू देतील तर ते चष्मेवाले कसले! त्यांनी जुन्या बाजारातून दीडशे वर्षांपूर्वीचं, जलरंगातलं एका बाईचं चित्र उचलून आणलं. बाई कोण, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

"आजपासून ही आपली खापरपणजी," त्यांनी जाहीर केलं.

"तुमच्यासारखं काहीच नाही हो तिच्यात," बायको म्हणाली. "नशीबवान बाई."

चष्मेवाल्यांच्या हनुवटीवर तीळ होता, लेकीच्याही होता. त्यांनी चित्राची काच काढली, लेकीचा शाळेतला ब्रश शोधला आणि खापरपणजीलाही एक तीळ देऊन टाकला.

ठरल्या दिवशी मुलाकडचे आले. मुलाचे वडील बसायच्या आधीच चित्रापाशी थबकले.

"ही तुमच्याकडे कशी?"

"आमची खापरपणजी ती. तीळ बघा ना."

"अहो, ही तर माझी पणजी! घर बदलताना चित्र गहाळ झालं होतं. तीळ कधी लक्षात आला नाही, पण ही हनुवटीवरची खळी बघा आणि माझी बघा." मग त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे आपण एकाच रक्ताचे निघालो. आता हे लग्न कसं व्हायचं?"

लेकीचा चेहरा पडला. दोन वर्षं ती दोघं याच दिवसाची वाट बघत होती. चष्मेवाले लगबगीने पुढे झाले.

"ती आमची कुणी नाही हो. तीळ मीच काढलाय."

"लेकीपायी बोलताय, कळतं मला. पण रक्ताचं नातं असं नाकारू नये."

आता पुरावा देण्यावाचून इलाज नव्हता. चष्मेवाल्यांनी काच काढली, अंगठा जिभेला लावला आणि बाईच्या हनुवटीवरून फिरवला. तीळ गेला. पाठोपाठ खळीही गेली. खालची मूळ हनुवटी कोरी करकरीत निघाली.

मुलाचे वडील स्वतःची हनुवटी चाचपत राहिले.

"मामंजींना रंगकामाचा नाद होता," मुलाची आई शांतपणे म्हणाली. "आपलं लग्न ठरत होतं तेव्हा जरा जास्तच."

"तारखेचं बघू या का?" मुलाचे वडील घाईघाईने म्हणाले.

निघताना चष्मेवाल्यांनी चित्र कागदात गुंडाळून पुढे केलं. "तुमची पणजी राहिली."

"छे छे, खापरपणजी आहे ती तुमची," म्हणत ते जिना उतरलेसुद्धा.