घंटेचा बंदोबस्त

चेन्नईच्या उत्तरेकडच्या एका वीज केंद्रात बॉयलरला पाणी पुरवणारी टाकी निम्मी तरी भरलेली असावी, असा नियम होता. पाणी त्याखाली गेलं की नियंत्रण कक्षात घंटा वाजे. २००८च्या उन्हाळ्यात टाकीत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह अडकू लागला आणि घंटा ऊठसूट वाजू लागली. पाळीप्रमुख पद्मनाभरावांच्या तोंडचं पाणी पळालं. टाकी रिकामी झाली तर पंप जळणार आणि खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, हे ते जाणून होते. निवृत्ती दिवाळीला होती.

ते मुख्य अभियंता उपेंद्र यांच्याकडे गेले. दोन्ही घराणी तंजावरच्या मराठी लोकांतली, म्हणून गाऱ्हाणं मराठीतून झालं.

"सार, एक दिवस वीजनिर्मितीचा संच बंद ठेवा. व्हॉल्व्ह बदलायला हवा."

"संच बंद ठेवला तर अखंड उत्पादनाचं बक्षीस जाईल की, पद्मनाभराव. नेमका त्रास कशाचा?"

"घंटा सारखी वाजते."

"मग घंटेचं बघू."

समिती बसली. पाणी नियमात बसत नसेल तर नियमाने पाण्याला सामावून घ्यावं, असं कॉफी-मुरुक्कूच्या साक्षीने ठरलं. ज्या पातळीला घंटा वाजे, ती टाकीवरची खूण खाली आणली. पाणी आणखी खाली गेलं. खूण पुन्हा उतरवली. ती टाकीच्या बुडाला टेकली तेव्हा कक्षात इतकी शांतता झाली की केंद्राला 'आदर्श पातळी नियंत्रणा'ची ढाल मिळाली. ती घेताना पद्मनाभरावांना मनापासून लाज वाटली. फोटोत मात्र ते हसले आहेत.

पुढच्याच आठवड्यात पंप कोरडा फिरून जळाला. चौकशीत घंटा निर्दोष सुटली, कारण टाकी रिकामी होताच ती वेळेवर वाजली होती. ऐकून धावले नाहीत म्हणून पद्मनाभराव निलंबित झाले, पेन्शन अडकली, आणि नवा पंप येईपर्यंत शहरात भारनियमन लागू झालं.

अण्णा नगरातल्या घरी बसून त्यांनी एकच आशा धरली. लोक खवळतील, खरी चौकशी होईल, आपण सुटू. पहिल्या दिवशी वीज कार्यालयावर मोर्चा गेलाही. मग गल्लीत हळूहळू ओरड कमी झाली.

"शेजारच्या कृष्णवेणीकडे इन्व्हर्टर आला," त्यांच्या पत्नी वसंताबाई म्हणाल्या. "आता दिवे गेलेले कळतही नाहीत म्हणते. अहो, आपणही एक आणू की."

 पद्मनाभराव चपला घालून निघाले. इन्व्हर्टरच्या दुकानात ही मोठी रांग होती. त्यांच्या पुढे तुम्हीच उभे होतात.