दाढीबद्दल एक साधा प्रश्न

बापू तिरोडकरांच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं, दाढीचं मशीन उघडून न्याहाळलं आणि न घेताच निघून गेलं. घटना इतकीच. पण शारजातल्या अल मजाजच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये या घटनेनं आठवडाभर ठाण मांडलं.

"अमेरिकेहून कामाला आलेला होता," बापू जेवताना बायकोला, कुमुदला सांगत होते. "मला विचारतो, पातं कातडीला लागतं का? म्हटलं, छे, जाळीच्या आत फिरतं. मग हळूच म्हणाला, मी ज्यू आहे. आमच्यात वस्तरा चालत नाही, कात्री चालते. तर हे मशीन म्हणजे वस्तरा की कात्री? मी मशीन उलटंपालटं करून बघितलं. तो थँक्यू म्हणाला नि गेला."

"मग खलास की. आमटी वाढू?"

"अगं, पण कात्री का चालते?"

कुमुदनं आमटी वाढली. उत्तर इंटरनेटवर असेल, असं मुलीनं, संजनानं सांगितलं. सन दोन हजार चाललं होतं, घरात फोनच्या तारेवरून इंटरनेट येऊन जेमतेम महिना झाला होता. शुक्रवारी संध्याकाळी संजनानं एक पान शोधून दिलं. देशोदेशीचे ज्यू तिथे धर्मातल्या शंकांवर इंग्रजीत वाद घालत.

"टाइप युवर क्वेश्चन, बाबा. अँड बी पोलाइट!" असं बजावून ती मैत्रिणीकडे अल कुसैसला दोन दिवस अभ्यासाला गेली.

बापूंची उमेदीची वर्षं एका जहाज कंपनीत टेलेक्स चालवण्यात गेली होती. टेलेक्सवर सगळी अक्षरं कॅपिटल. त्यामुळे त्यांनी सवयीनं कॅप्स लॉक दाबला आणि टेलेक्सच्याच भाषेत प्रश्न ठोकला, "कात्री चालते, वस्तरा का नाही? ताबडतोब खुलासा करावा."

लगेच एक उत्तर आलं, "सद्गृहस्था, शांत व्हा." मग सगळं चिडीचूप.

शनिवार उजाडला तरी कुणी बोलेना. बापूंना वाटलं, लोक दुखावले. त्यांनी लिहिलं, "रागावलात का?" थोड्या वेळानं, "कृपया कळवावे." दुपारी, "मी सभ्य माणूस आहे." संध्याकाळी, "कुणी आहे का तिथे?"

"अहो, फोन मोकळा करा!" कुमुद वैतागली. "माझी गिरिजाताई दर शनिवारी फोन करते, तिला एंगेज लागत असेल."

"थांब गं. इथे माझी अब्रू अडकली आहे."

रविवारी सकाळी उत्तरांचा पाऊस पडला. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी धर्मनिष्ठ ज्यू कॉम्प्युटरला हात लावत नाही. नेमका तो दिवस साधून हा शारजाचा माणूस भांडायला आला, अशी सर्वांची खात्री झाली होती. पान सांभाळणाऱ्यानं तंबी दिली, पुन्हा असं केलंत तर हाकलून देऊ.

संजना घरी आली, तिनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा! व्हाय आर यू शाउटिंग ॲट दीज पीपल?"

"मी? अगं, ओठसुद्धा हलवले नाहीत!"

"कॅपिटल लेटर्स मीन शाउटिंग!"

बापूंचा चेहरा उतरला. रिक्षावाल्याशीही ज्यांनी कधी आवाज चढवला नाही, ते बापू दोन दिवस परक्यांच्या देवघरात उभे राहून बोंबलत होते. त्यांनी कॅप्स लॉक काढला आणि सगळा माफीनामा बारीक अक्षरांत लिहिला. शेवटी लिहिलं, 'देव आपणां सर्वांचं भलं करो.'

तोही बारीकच अक्षरांत.

"देवाचं पहिलं अक्षर तरी मोठं लिहा!" एकानं खडसावलं. दुसरा त्याच्यावर उखडला, "देवाचं नाव पूर्ण लिहूच नये, मधलं अक्षर गाळून आडवी रेघ द्यावी." तिसरा म्हणाला, इंग्रजीला तो नियम लागूच नाही. बघता बघता तिघांचे तीस झाले. दाढी बाजूला राहिली, कात्री बाजूला राहिली आणि संध्याकाळी पान सांभाळणाऱ्यानं त्या चर्चेला कुलूप लावलं.

बापू जेवले नाहीत. "मी फक्त विचारलं होतं गं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या एकट्याच्या नावे एक निरोप आला. अक्षरं इंग्रजी, पण भाषा मराठी. वाचून बापू खुर्चीतून उठलेच.

"तिरोडकरकाका, नमस्कार. मी सॅमसन रोहेकर. आम्ही कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, माझा जन्म रोह्याचा, आता इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. मनाला लावून घेऊ नका, तिथे रोजच भांडणं होतात. तुमचा प्रश्न चांगला होता. दाढीच्या कडा नासवू नका, असं आमच्या धर्मग्रंथात आहे. वस्तरा एका पात्यानं मुळाशी भादरतो, कात्रीची दोन पाती एकमेकांवर कापतात, म्हणून ती चालते. मशीनवर मात्र आमच्यातच दोन मतं. मी मशीन वापरतो, सासरे दाढी राखतात. जेवतो एकाच टेबलावर. आधी शालोम म्हणायचं, मग विचारायचं, बस्स."

"कुमुद!" बापू ओरडले, खरोखरच ओरडले. "अगं, हे तर आपल्या कोकणातले!"

कुमुद हात पुसत आली आणि खाली उरलेल्या दोन ओळी तिनंच मोठ्यानं वाचल्या. "आता माझी एक शंका. पापलेटच्या आमटीला तुमच्याकडे आंबट काय घालतात? आमची आई म्हणते, चिंचेशिवाय पापलेट शिजवू नये."

"चिंच?" कुमुद म्हणाली. "सरका."

"अगं, परक्यांशी जपून. आधी शालोम लिही."

कुमुदनं एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत लिहिलं, 'शालोम. पापलेटला आमसूल. चिंच घालणाऱ्याला पापलेट कळलंच नाही.' आणि बापू हात धरायच्या आत पाठवून दिलं.

बापूंनी डोळे मिटून घेतले. पण उत्तर लगेच आलं, "आईला वाचून दाखवलं. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आहे."

"बसू दे," कुमुद म्हणाली आणि तिनं चष्मा लावला.