तार तुमची, उंबरा माझा

वीज कंपनीचा माणूस दारात आला की द्वारकामावशी त्याला वाट देत नाहीत. उंबऱ्यात पाय पसरून बसतात आणि म्हणतात, "तार तुमची, उंबरा माझा."

साखऱ्यात त्यांचं घर माझ्या पिठाच्या गिरणीला लागून आहे. हे वाक्य मी दळणाच्या आवाजातही ओळखते. त्यांचं मीटर मधल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या वर. रीडिंगवाल्याला त्या ओट्यावर बसवतात, चहा पाजतात आणि रीडिंग आतून स्वतः ओरडून सांगतात. त्याने आत पाऊल टाकायचं नाही.

कायदा त्यांना सेनगावच्या शिबिरात कळला. मीच घेऊन गेले होते. वकीलबाईंनी सांगितलं की वीजचोरीच्या तपासणीला दिवस मावळल्यावर कुणाच्या घरात शिरायचं, तर घरातला सज्ञान पुरुष हजर लागतो. मला रागच आला. गिरणी मी चालवते, बिल मी भरते आणि अंधार पडला की माझ्या हजेरीला किंमत नाही? मावशींना मात्र ते कलम भलतंच आवडलं. घरी पोचेपर्यंत त्यातलं दिवस मावळणं त्यांनी गाळून टाकलं. वायरमन भर उन्हात आला तरी उत्तर ठरलेलं, "घरात बाप्या माणूस न्हाई. पोरगं पुण्याला हाय. त्याच्यासमोर या, बराबर कायद्यानं."

वायरमनला तरी कलम कुठं माहीत? तो निमूट परत जायचा. गावात कुजबुज सुरू झाली की म्हातारी तारेवर आकडा टाकते, म्हणून कुणाला आत घेत नाही. मी तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, घरात एक बल्ब आणि एक पंखा, चोरून काय विमान उडवू?

शेवटी कंपनीच्या नव्या इंजिनिअर मॅडम लेखी नोटीस घेऊन भर दुपारी आल्या. ओट्यासमोर निम्मी गल्ली जमली. मावशींनी पाय पसरले. मॅडमनी शांतपणे सांगितलं की दिवसा पुरुषाची गरज नसते, आणि अडवलंत तर वीज तोडावी लागेल.

"तोडा," मावशी म्हणाल्या. "कंदील हाय. तुमच्या आदी तोच होता."

मी मध्ये पडले. म्हटलं, मावशी, मॅडमचं बरोबर आहे, बाप्या लागतो तो दिवस मावळल्यावर.

मावशींनी मान वर करून सूर्य बघितला. तो डोक्यावर होता. "मंग मावळल्यावर या."

मॅडमना हसू आलं. "आजी, आत्ता लगेच होईल. संध्याकाळी यायचं तर मुलाला पुण्याहून बोलवावं लागेल."

"व्हय. मी बोलावलं तर त्याला सुट्टी भेटत न्हाई. कायद्यानं बोलावलं तर भेटल."

मॅडमनी पेन काढलं, नोटिशीवर लिहिलं, "शनिवारी सूर्यास्तानंतर तपासणी, मुलास हजर ठेवावे," आणि खाली सही केली. त्याचा फोटो मी मुलाच्या मोबाइलवर पाठवला. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. कायद्याला प्रस्तावना लागत नाही.

शनिवारी पोरगा दुपारीच उतरला. दिवस कलला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून, बिलांची फाइल मांडीवर घेऊन आईशेजारी उंबऱ्यात बसला. अंधार पडला. मॅडम आल्याच नाहीत.

"भ्याली ती मॅडम," मावशी मला कुंपणावरून म्हणाल्या. गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

पोरगा वैतागला. नुसताच खेटा झाला, सकाळच्या गाडीने निघतो म्हणाला.

मावशींनी त्याच्या ताटात गरम भाकरी टाकली. "काहून? न्हाई आली आज, उद्या येईल. तार तिची हाय, उंबरा आपला. बस."