हैबतरावांनी दफ्तरात वाढविलेल्या कलमाची हकीकत

झाकल्या पानाचा जो एकटा साक्षी, त्या विघ्नहर्त्यास नमन करोन, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, भाद्रपद वद्य तृतीयेचे सुमारास जे वर्तमान घडले ते लिहितो. लिहिणाराचे नाव विचारू नये. लिहिणाराने यात स्वतः काही बरे केले नाही, तेही पुढे येईल.

एक राज्य होते. त्यास भूमी नाही, किल्ला नाही, सरदार मात्र पाच, आणि पाचही आपापले घरी बसोन, काचेची पाटी पुढे ठेवोन, दोन प्रहरी जेवणे आटोपली म्हणजे पोकर नामे पत्त्यांचा डाव खेळत आणि पाटीतूनच एकमेकांशी बोलत. शिरस्ता ऐसा की प्रत्येकास दोन पाने झाकली मिळावी, पाच सर्वांदेखत उघडी पडावी, आणि ज्यास आपले पान हलके वाटेल त्याने ते झाकलेच टाकोन डाव सोडावा. पैका कोणी लावीत नसे. चकत्या लटक्या, मान मात्र खरा. या पाचांत हैबतराव भोगटे म्हणोन सरदार हूल देण्यात मोठे नामांकित. हाती दुरी-तिरी असावी आणि चकत्यांचा ढीग ऐसा पुढे लोटावा की समोरच्याने भिऊन पाने टाकावी. यांचे पूर्ववृत्त ऐसे की तीन वर्षांमागे अर्धांगवायूने उजवे अंग गेले, आणि चाकरी गेली, आणि बोलणे अडखळू लागले, आणि चार महिने भिंतीकडे तोंड करोन पडोन असत, सून ताट ठेवी आणि तैसेच भरले ताट उचली. मग त्यांचे बाळमित्र निळोपंत तासकर यांनी पाटी आणोन दिली आणि बळेच खेळास बसविले, आणि पहिल्याच दिवशी हैबतरावांनी डाव्या हाताने हूल दिली, आणि निळोपंतांनी पाने टाकिली, आणि रावसाहेब खदखदून हसले, आणि त्या दिवशी दोन भाकरी जेवले. तेव्हापासोन हूल हीच त्यांची दौलत. अंग गेले तरी डोके शाबूत आहे, याचा त्यांस दुसरा पुरावा उरला नव्हता.

आता दफ्तराचे सांगतो. खेळलेला प्रत्येक डाव आपोआप लिहोन ठेवणारे एक दफ्तर होते, त्यास हल्लीचे लोक सॉफ्टवेअर म्हणतात, आणि ते सगुणाबाई दफ्तरदार म्हणोन एका बाईंनी एकटीने रचिले होते. त्यात ज्याची झाकली पाने त्याच्याच दफ्तरी दिसत. दुसऱ्याने काय टाकिले ते कोणास कळत नसे. हैबतरावांचे मनात आले की आपण एवढ्या हुली दिल्या, परंतु समोरच्यांनी भिऊन केवढाली पाने टाकिली ते एकदा डोळ्यांनी पाहावे आणि जगास दाखवावे. मग त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटाने तीन दिवस खपोन बाईंस अर्ज लिहिला की, "आपले दफ्तर उत्तम आहे, एक कलम वाढवावे. पाचही जणांनी आपापली दफ्तरे एकत्र द्यावी आणि टाकलेली पानेही सर्वांस दिसावी. नमुन्यादाखल माझे दोन हजार नऊशे डाव सोबत पाठवितो." बाई वाजवी बोलणाऱ्या. त्यांनी जाब पाठविला, "सूचना चांगली आहे, करून देते. पण काका, खेळणारांस टाकलेली पाने झाकलेलीच बरी वाटतात असा माझा अनुभव आहे. सगळ्यांना नीट विचारून घ्या." हैबतरावांनी पहिले वाक्य तेवढे वाचले.

मग चौघांकडे मागणी केली. तिघांनी त्याच दिवशी दफ्तरे दिली, त्यांत आम्हीही होतो, फुकटची गंमत पाहावयास मिळते म्हणोन दिली. निळोपंतांचे मात्र येईना. आज म्हणत दफ्तर सापडत नाही, उद्या म्हणत पाटी बिघडली, परवा म्हणत पितृपंधरवडा आहे, नवे काही करू नये. आम्ही सर्वांनी त्यांची टर उडविली की पंतांस आपला भित्रेपणा चव्हाट्यावर येईल याचे भय पडले. हैबतराव म्हणाले, "पंत, माझ्यासाठी एवढे करा. मी तुमच्याकडे दुसरे काय मागतो?" तेव्हा पंत "बरे" म्हणाले, आणि दफ्तर दिले.

कलम तयार जाहले आणि दफ्तर उघडले. पहिला प्रहर केवळ उत्सव. हैबतराव एकेक डाव मोठ्याने वाचीत, "हे पाहा, माझे हाती सत्ती-दुरी, आणि पंतांनी तीन राजे टाकिले! हे पाहा, पाच पाने एका रंगाची, भरला रंग टाकिला!" आणि आम्ही वाहवा म्हणत होतो. मग एक डाव आला. उघड्या पानांत दोन एक्के पडले होते, हैबतरावांचे हाती काही नव्हते आणि त्यांनी ढीग लोटिला होता, आणि निळोपंतांनी जी दोन पाने टाकिली ती उरलेले दोन एक्के होती. चार एक्के. त्या डावात त्यांवर मात करणारे पान निघणेच शक्य नव्हते, हे तान्ह्या पोरासही कळावे. हैबतराव वाचता वाचता थांबले. मग ते मुकाट्याने मागले डाव पाहत गेले, आणि पहिल्या दिवसापर्यंत गेले. तीनशे चौदा हुली निळोपंतांसमोर दिल्या होत्या, आणि तीनशे चौदा वेळा पंतांनी पाने टाकिली होती, चांगली असोत की वाईट. आम्ही तिघे तेव्हाही हसत होतो, ही लाज लिहोन ठेवितो.

हैबतराव म्हणाले, "पंत, चार एक्के का टाकिलेत?"

पंत म्हणाले, "चष्मा नव्हता डोळ्यांस."

"तीन वर्षे चष्मा नव्हता?"

येथे निळोपंतांनी अहोजाहो सोडिले. म्हणाले, "हैबत्या, तू त्या दिवशी जेवलास रे."

एकेकाने पाटी मिटली. दुसरे दिवशी खेळ बसला खरा, परंतु त्यात जीव नव्हता. हैबतरावांनी हूल द्यावी तर पंतांनी करावे काय? पाने टाकिली तर ती दया, न टाकिली तर तो घाव. तेव्हा हैबतरावांनी हूल देणेच बंद केले, आणि मग बोलणेही कमी केले, आणि सगुणाबाईंस दुसरा अर्ज लिहिला की सदर कलम काढोन टाकावे. बाईंचा जाब आला, "तुमच्या मंडळींपुरते काढले आहे. पण काका, तुम्ही जे पाहिलेत ते माझ्या दफ्तरात नाही हो. तिथून मी कसे काढू?"

आठ-दहा दिवस गेले. मग एके दोन प्रहरी अजब जाहले. ज्या निळोपंतांनी जन्मात हूल दिली नव्हती त्यांनी चकत्यांचा सगळा ढीग पुढे लोटिला. वाटले असेल की आपण एकवार पकडले जावे, आणि मित्रास पुन्हा उमेद यावी. हैबतराव त्या विद्येतले जुने खेळाडू, पंतांचे हाती काही नाही हे त्यांस तत्क्षणी कळले. त्यांचे स्वतःचे हाती भरला रंग होता. हे पुढे त्यांनीच एकदा आम्हांस सांगितले. त्यांनी पाने झाकलीच टाकिली आणि म्हणाले, "भ्यालो बुवा पंत, जिंकलात." पंत हसू लागले, आणि हसता हसता मध्येच थांबले, कारण राव जाणोन हरले हे त्यांस उमजले. आता दोघेही दोघांस पुरते ओळखोन होते, आणि खेळावयाचे काही राहिले नव्हते. त्या दिवशी सुनेने ताट भरले ते तैसेच उचलिले.

येणेप्रमाणे राज्य बुडाले. निळोपंत हल्ली रोज दोन प्रहरी जातीने भोगट्यांचे घरी जातात, उशाशी बसतात, पत्ते नेत नाहीत. हैबतरावांचे तोंड भिंतीकडे असते. कलम मात्र इतर राज्यांत फार लोकप्रिय जाहले. सगुणाबाईंनी त्यापुढे सुचविणाराचे नाव आदराने लिहिले आहे, आणि ते दाखवावयास आम्ही गेलो तेव्हा हैबतरावांनी ते वाचले नाही. लेखनसीमा.