बिऱ्हाडाचे नळ

पाठवलेली गोष्ट पोचली यावर आमच्या शेजारच्या वझेकाकांचा सहजासहजी विश्वास बसत नाही. त्यांचा मेसेज मी उघडायच्या आत त्यांचाच फोन येतो, "आलं का?" एकदा त्यांनी अळूवड्यांचा डबा माझ्या हातात दिला, मी दार लावून ओट्याशी पोचते न पोचते तोच फोन वाजला. "आलं का?" मी म्हटलं, काका, आत्ता तुम्हीच दिलात ना. ते शांतपणे म्हणाले, "दिलं ते मला माहीत आहे. आलं ते तू सांगायचं."

हे खूळ गेल्या वर्षभरातलं. काकांनी जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले. अशा माणसाला म्हातारपणी खात्री करून घ्यायची खोड लागणारच, अशी मी माझी समजूत घातली होती.

ॲन आर्बरमधल्या त्यांच्या ड्राइव्हवेवर एक जुना ट्रेलर उभा असे. गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घरच ते, आत पलंग, शेगडी, सिंक आणि जेमतेम वळता येईल एवढं न्हाणीघर. रिटायर झाल्यावर काकांनी आणि मंदाकाकूंनी तो जुनाच विकत घेतला आणि त्याचं नाव ठेवलं 'बिऱ्हाड'. काकूंच्या हुकमावरून काकांनी त्यात कमोडशेजारी एक जादा नळ बसवला होता. घरी आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला चहाआधी तो नळ बघावा लागे.

मागच्या ऑक्टोबरात मंदाकाकू गेल्या. आजार कळला आणि बघता बघता सगळं संपलं. मुलगी केतकी पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून आली, काही दिवस राहिली, परत गेली. मग मिशिगनची थंडी पडली आणि बिऱ्हाडातले पाण्याचे सगळे पाइप गोठून फुटले. इतकी वर्षं एकदाही फुटले नव्हते.

केतकीचं म्हणणं होतं, बाबा, आहे तसा विकून टाका आणि कायमचे माझ्याकडे या. काका जायला तयार झाले, पण फुटक्या नळांचं घर आपण कुणाला देणार नाही म्हणाले. मग उन्हाळाभर त्यांचे फक्त पाय दिसत, कधी पलंगाखालून, कधी सिंकखालून. गरम पाण्याला लाल पाइप, गारला निळा. मी घरून काम करत असल्यामुळे मला काही कामच नसतं असा त्यांचा ठाम समज होता. मीटिंग म्यूट करून मी टॉर्च धरायला जायची, आणि टॉर्च जरा हलला की बोलणी खायची.

शेवटी एकदाचं पाणी सोडून बघायचं ठरलं. मला आत सिंकपाशी उभं करून काका बाहेर पाण्याचा होज जोडायला गेले.

"आलं का?"

नळ खोकला, फुरफुरला, आणि धार लागली. मी ओरडले, "आलं!" मग न्हाणीघरात आलं, जादा नळालाही आलं. बाहेरून मात्र काहीच आवाज येईना. डोकावून पाहिलं तर काका पायरीवर बसले होते.

"दर ऑक्टोबरात पाइपात न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, म्हणजे फुटत नाहीत," ते म्हणाले. "मी बाहेर पंपावर. मंदा आत एकेक नळ सोडायची आणि गुलाबी आलं की ओरडायची. मागच्या वर्षी ती गेल्यावर मी पंप जोडला होता. सवयीने विचारलं, आलं का." त्यांनी हात पँटला पुसले. "मग पंप काढून ठेवला."

आत जाऊन नळ बघणं या माणसाला अवघड नव्हतं. त्याला ते करवलंच नाही. इतकी वर्षं 'आलं का?' हा प्रश्न त्यांच्या घरातल्या घरात भागत होता आणि काकू गेल्यावर तो आमच्याकडे वळला, हे वर्षभरात माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला रडू आवरेना.

ट्रेलर एका तरुण अमेरिकन जोडप्याने घेतला. किल्ली द्यायच्या आधी काकांनी नवऱ्याला बाहेर उभं केलं, बायकोला आत, आणि दोघांना एकेक मराठी वाक्य पाठ करायला लावलं. एकमेकांना टेक्स्ट केलं तर चालणार नाही का, असं त्याने विचारून पाहिलं. काका म्हणाले, "नो. यू हॅव टू शाउट." त्याने बिचाऱ्याने घसा साफ करून "आलं का?" विचारलं. आतून पोरीचा खणखणीत आवाज आला, "आलं!" काकांनी ते पुन्हा एकदा करायला लावलं. दुसऱ्यांदा तशी काही गरज नव्हती.

बिऱ्हाड कोपऱ्यावरून वळून दिसेनासं झालं. काका घरात गेले, मी माझ्या घरी आले. दार लावते तोच फोन वाजला.

"आलं का?"

"काय पाठवलंत, काका?"

"काही नाही."

फोन त्यांनी ठेवला नाही.

"आलं, काका," मी म्हटलं.