नोंदणी शाखेची खिडकी फत्ते जाहली त्याची हकीकत

सरकारचे फर्मान सुटले कीं, येथून पुढे पालिकेची जी इमारत उठेल तिने हरित प्रमाणपत्र मिळवावे, न मिळवील तीस कुलूप. त्या फर्मानापायी पालिकेच्या नव्या कचेरीत जें रण माजले, त्याची हकीकत, पदरचे तिखटमीठ बेताने घालोन, लिहितों.

इमारतीच्या कर्त्या राजमान्य इंजिनीअरबाई, अखंडितकागदअलंकृत, मोठ्या जिद्दीच्या. त्यांनी छपरावर सौरपत्रे चढविले, आणि पावसाचे पाणी टाकीत कैद केले, आणि नळांची मुजोरी मोडोन धार बारीक केली, आणि मग गुणांची बेरीज मांडिली तों एक गुण उणा. चौकशी करिता कळले कीं, नोंदणी शाखेत दिवसाचा उजेड नाही. गुरुवारी परीक्षक उजेड मोजावयास येणार, आणि तो गुण न मिळाल्यास समस्त कचेरीने परत जुन्या तळघरात, ओल धरलेल्या भिंतींत मुक्कामास जावे, ऐसा प्रसंग गुदरला.

खिडकी तर तेथे ऐसपैस होती. परंतु तिजपुढे हेडक्लार्क भाऊसाहेब यांनी सात लोखंडी कपाटांचा कोट उभारोन, आत मिणमिणता दिवा लावोन, अठ्ठावीस वर्षांच्या चाकरीच्या इतमामाने ठाण मांडिले होते. बाईंनी खलिता धाडिला, त्यावर 'पाहिले' ऐसा शेरा येऊन तो परत आला. दुसरा धाडिला, तो फायलीत गडप जाहला. मग दोन शिपाई जय्यत तयारीनिशी चालोन गेले, आणि भाऊसाहेबांचा चहा पिऊन परतले. बाई मेटाकुटीस आल्या.

बुधवारी बाई जातीने कोटात शिरल्या, आणि पाहतात तों भाऊसाहेब जन्माचा दाखला नाकास लावोन एकेक अक्षर लावताहेत. लढाई तेथेच थांबली.

"कुणाला बोलू नका, बाई," भाऊसाहेब हळूच म्हणाले. "नजर अधू झालीय. कळलं की घरी बसवतील."

"भाऊ, आधी या गुहेतून बाहेर तर या," बाई म्हणाल्या. "इथं मलाही काही दिसत नाहीये."

मग तह जाहला कीं, कपाटे मागल्या भिंतीस जावी, आणि टेबल खिडकीशी यावे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाईंनी सोबत जावे. कपाटे रेटिता शिपाई घामाघूम जाहले, परंतु संध्याकाळच्या आत कोट पडला, आणि रात्री डॉक्टरांकडोन भाऊसाहेबांस नवा चष्मा मिळाला.

गुरुवारी परीक्षक आले, यंत्र ठेविले, आणि गुणपत्रक भरोन टेबलावर सरकविले. भाऊसाहेबांनी तें हातभर दूर धरिले, आणि चष्मा सावरीत, तळची बारीक छपाईसुद्धा खणखणीत आवाजात वाचोन दाखविली. बाईंना भरून आले. त्यांनी तें लपविले नाही.

येणेप्रमाणे प्रमाणपत्र हस्तगत जाहले आणि तळघराचा वनवास टळला. सदर फत्तेची नोंद भाऊसाहेबांनी खिडकीशी बसोन, दिवा न लावितां, स्वहस्ते केली असे.