खंडोजीअण्णांचं सगळ्यात कमी रीडिंग

“आज घरात कुणी नळ उघडायचा न्हाई,” खंडोजीअण्णांनी सकाळीच जाहीर केलं. “तत्त्वाचा प्रश्न हाय.”

भार्गवीच्या मांडीवर प्रणीतनं त्याच क्षणी तत्त्वाला न विचारता लंगोट ओला केला.

“मामंजी, हे कधी धुवू?”

“उद्या. स्वल्प अॅडजस्ट कर की.”

प्रश्न पाणीपट्टीचा होता. बेंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या त्यांच्या इमारतीत पाण्याचा खर्च आजवर वर्गणीत मुरून जायचा. आता घरोघरी वेगळी पाणीपट्टी लावायची ठरली आणि रहिवासी संघात दोन पक्ष पडले. अण्णा म्हणत, मीटरप्रमाणे घ्या. त्यांच्या घरात माणसं मोजकी. वरच्या मजल्यावरचे विठोजी म्हणत, सगळ्यांना समान; त्यांच्या घरात माणसंच माणसं. दोघंही याला तत्त्व म्हणत. सभात्याग व्हायचे, पण त्यागणारे दाराशी कॉफीपुरते थांबत.

शेवटी अण्णांनी आव्हान दिलं. “बिल्डरनं घरोघर मीटर लावलेत. एक दिवस वाचून बघा! आमचं सगळ्यात कमी आलं तर अध्यक्ष मी. न्हाई आलं तर सभेत तोंड उघडणार न्हाई.”

“सरी, चालेल,” म्हणत सचिव मंजुनाथनं सगळ्यांच्या सुट्टीचा दिवस निवडला. पंचांग मात्र कुणी पाहिलं नाही.

ते अण्णांच्या बायकोनं, अंबुबाईंनी पाहिलं. “आज नीर तुंबायचा, पाणी भरायचा सण हाय. सांजेला सगळी भांडी भरायची, हंड्याला कारल्याचा वेल बांधायचा, पहाटे त्याच पाण्यानं न्हायचं. न्हाई भरू म्हणता?”

“यंदा रिकामे हंडे पुजा.”

“नातवाची पहिली दिवाळी! तेल लावून पोराला कोरडाच ठेवू? तुमच्या खुर्चीपायी?”

अण्णांनी नातवाकडे पाहिलं. नातू त्यांच्याकडे बघून बोळकं पसरून हसला. अण्णा विरघळले आणि विरघळता विरघळता त्यांना मार्ग सुचला. मागच्या बागेतल्या नळाला कुठल्याच घराचा मीटर नव्हता!

दिवेलागणीला ते घागर घेऊन गुपचूप मागच्या जिन्यानं उतरले. मागे भार्गवी, कडेवर प्रणीत, हातात कळशी. बागेत रांग होती. आपलं घर उधळं ठरू नये म्हणून अख्खी इमारत खाली आली होती. नळाशी विठोजी ड्रम लावून उभे.

“झाडांना घालतोय,” विठोजी म्हणाले. ड्रमला कारल्याचा वेल बांधलेला होता.

“मी बी,” अण्णा म्हणाले आणि रांगेत लागले.

पहाटे प्रणीतचं न्हाणं झालं. कोमट धार अंगावर पडली तसं त्यानं हातपाय झाडून आजोबांनाही न्हाऊ घातलं. अण्णांनी तांब्या काही सोडला नाही.

संध्याकाळी सभा भरली. “सगळ्या घरांचे मीटर जवळजवळ झोपलेत,” मंजुनाथ म्हणाला. “त्यात खंडोजीअण्णांचा सगळ्यात गाढ. तेच अध्यक्ष!”

टाळ्या पडल्या. अण्णा खुर्चीवर बसले.

“पण इमारतीचा मेन मीटर कधी नाही इतका पळालाय. म्हणजे पाणी बागेतल्या नळाचं. तो नळ सगळ्यांचा, तेव्हा नियमानं खर्च सगळ्यांना समान. कुणी, किती नेलं, ते शोधायचं का?”

जो तो छताचा पंखा न्याहाळू लागला.

अण्णांनी घसा साफ केला. “शोधायचं काय त्यात? समान वाटणीच खरा न्याय. मी पयल्यापासून हेच सांगत होतो!”

विठोजी ताडकन उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मनासारखं झालं होतं. पण ते अण्णांच्या तोंडून.

“अन्याय!” ते गरजले. “मीटर पायजे, मीटर!”

आणि कॉफी येईपर्यंत त्यांनी सभात्याग केला.